पत्ता चुकलेल्यांची पेटी

"अनलिमिटेड म्हणजे किती?"

बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तेव्हा त्या माझ्यासाठी बाई नव्हत्या, चॅटच्या चौकटीत उगवलेलं एक गिऱ्हाईक होत्या. मी वेब-होस्टिंगच्या एका कंपनीत सपोर्टला होते. म्हणजे लोकांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर मुक्कामाला असायच्या, आणि त्या बंद पडल्या की लोक माझ्यावर खेकसायचे. खेकसणाऱ्यांची मला सवय होती, विचारणाऱ्यांची नव्हती. आमच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड बँडविड्थ' असं ठळक लिहिलं होतं आणि या बाईंना त्याचा आकडा हवा होता. मी ठरलेलं उत्तर चिकटवून दिलं. लगेच पलीकडून आलं, "हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही सांगा." मी कंटाळून लिहिलं, वाजवी वापरापुरतं. "मग तसं छापा. वाजवी. चांगला शब्द आहे."

दुसऱ्या आठवड्यात त्या अपटाइमवर घसरल्या. आमची कंपनी नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ साइट चालू ठेवायची हमी द्यायची. बाईंनी गणित मांडून पाठवलं: वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ, त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तास. "म्हणजे वर्षातून पावणेनऊ तास बंद राहू, असं सरळ सांगा ना. आम्ही सांगायचो." हे 'आम्ही' कोण ते मला तेव्हा कळलं नाही. ऑफिसात मात्र त्यांचं नाव 'पावणेनऊ' पडलं आणि त्यांची चॅट आली की सगळे ती माझ्याकडे ढकलून मोकळे व्हायचे.

मग कंपनीने ऑफिसची जागाच सोडली आणि सगळ्यांना कायमचं घरून काम दिलं. आमच्या ऐरोलीच्या घरात भावाचं नुकतंच लग्न झालेलं. मी ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून जगाच्या वेबसाइट सांभाळत होते. एकदा बाईंना उत्तर द्यायला उशीर झाला आणि माझ्या तोंडून, म्हणजे बोटांतून, खरं ते निघून गेलं. घरात मिक्सर चालू आहे, काही सुचत नाही, असं मी लिहिलं. पलीकडून आलं, "श्रीवर्धनला माझी माडीवरची खोली रिकामी आहे. मिक्सर नाही."

गिऱ्हाइकाच्या घरी राहायला जाणारी आमच्या कंपनीत मी पहिली आणि बहुधा शेवटची.

माडी म्हणजे कौलारू घरावर मागून चढवलेली पत्र्याची एक खोली. खाली बाई एकट्या. लहान चण, ताठ पाठ, कडक पिना लावलेली सुती साडी, आणि डावा कान सतत चोळायची सवय. गावात त्यांना सगळे 'एक्स्चेंजच्या बाई' म्हणत. टेलिफोनचे नंबर आपोआप लागत नव्हते त्या काळात त्या इथल्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. फोन उचलला की यांचा आवाज यायचा. कुणाशी बोलायचंय ते सांगायचं, की या समोरच्या बोर्डात दोरी खोचून जोडून द्यायच्या. लग्न केलं नाही. का, ते विचारायची हिंमत मला झाली नाही आणि गावाला त्यातलं कुतूहल उरलं नव्हतं.

लोकांना त्या नंबराने ओळखत. जुन्या यादीतले नंबर. डॉक्टरांच्या घरचा कुणीही आला तरी तो 'अकरा'. दूधवाला 'बावन्न', खरं म्हणजे बावन्न नंबर त्याच्या आजोबांचा होता. मला नंबर नव्हता. मी माडीवर राहायची म्हणून माझं नाव 'एक्स्टेंशन' ठेवलं. "एक्स्टेंशन, चहा झालाय," अशी हाक जिन्यातून यायची आणि मी ओ द्यायची. माणूस कशालाही ओ द्यायला शिकतो.

दारात कुणी गप्पा मारायला आलं तर बाईंचा एक डोळा घड्याळावर. जुन्या ट्रंक कॉलला तीन मिनिटांचा हिशेब असायचा आणि तो यांच्या अंगात मुरला होता. शेजारची बाई आपल्या सुनेची गाऱ्हाणी रंगात येऊन सांगत असायची आणि या मध्येच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" नवखी माणसं तोंडात बोट घालायची. जुनी म्हणायची, "वाढवा, बाई." तेवढं म्हटलं की पुढे तासभर ऐकून घ्यायला त्यांची हरकत नसे. पण वाढवायला कुणी फारसं राहत नसे, हेही खरं.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना शहाणपण शिकवायला बसले होते. डीएनएस म्हणजे काय, हे समजावत होते. माणसांना साइटचं नाव लक्षात राहतं, यंत्राला नंबर लागतो, तर नावावरून नंबर शोधून जोडून देणारी एक व्यवस्था असते वगैरे. हातवारे करून, कागदावर बाण काढून सांगितलं. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"म्हणजे लोकांनी नाव सांगायचं, आणि ते नंबर काढून जोडून देतं?"

"हो."

"ती मी," बाई म्हणाल्या आणि भात टाकायला आत गेल्या.

त्यानंतर मी त्यांना काही शिकवायच्या भानगडीत पडले नाही. उलट मीच शिकले. निवृत्तीनंतर त्यांनी एकलव्यासारखं, कुणी गुरू नसताना, हे सगळं आत्मसात केलं होतं. आमच्या कंपनीकडून सर्व्हरवर जागा घेऊन त्यांनी गावातल्या तीसेक साइट त्यात बसवल्या होत्या. खोल्या भाड्याने देणारे वाडीवाले, मच्छीमार सोसायटी, एक शाळा, बोर्ली पंचतनचा एक हार्डवेअरवाला. त्यांना त्या ज्या भाषेत समजावत, ती आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा बरी होती. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका घरात दहा बिऱ्हाडं. एकाने पंप लावला की दुसऱ्याचा नळ बारीक होणार. बँडविड्थ म्हणजे ट्रंक लाइनी. "श्रीवर्धनातून बाहेर जायला चार होत्या. पाचव्याने थांबायचं. मग तो पाचवा कितीही मोठा का असेना." बॅकअप या शब्दाला तर त्यांनी घरात बंदीच केली होती. "आगोट म्हण. पावसाळ्याचं तांदूळ-मीठ, सुकी मासळी, जळणाची फाटी आधीच भरून ठेवतो ना आपण, तेच हे. आणि आगोट कुणी गळक्या खोलीत ठेवतं का? मग साइट आणि तिचा बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्याला काय म्हणायचं?" त्याला काय म्हणायचं ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही.

एका बाबतीत मात्र त्या विनोद करत नसत. त्यांच्या हाती तीस साइटच्या किल्ल्या होत्या, म्हणजे तीस जणांच्या टपालाच्याही. एकदा बोर्लीचा तो हार्डवेअरवाला आला. त्याच्या चुलतभावाची साइटही बाईंकडेच होती. जरा इकडचंतिकडचं बोलून तो मुद्द्यावर आला.

"बाई, त्याच्याकडं मुंबयचं कोन मेल करतंय, जरा बगाल काय? तुमाला तर सगला दिसतो."

"दिसतं."

"मंग?"

"तुमच्या वडलांचे फोन मी बावीस वर्षं जोडले. त्यांनी कुणाला काय सांगितलं, तुम्हाला सांगू?"

तो माणूस चपला घालायलाही नीट थांबला नाही. तो गेल्यावर बाई बराच वेळ डावा कान चोळत होत्या. "आता ते एसएसएलचं कुलूप आलंय ना, बरं झालं," त्या म्हणाल्या. "मधल्याला ऐकूच जात नाही. आमच्या वेळी कुलूप नव्हतं. आम्हीच तोंडाला लावून घ्यायचो."

त्यांची स्वतःची एक साइट होती. 'श्रीवर्धन एक्स्चेंज'. एकच पान. वर जुन्या बोर्डाचा फोटो, खाली एक फॉर्म. कोणाला शोधताय, त्यांचं नाव. तुम्ही कोण, तुमचं नाव. दोन्ही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे. श्रीवर्धन सोडून गेलेली माणसं, मुंबईत, आखातात, कुठे कुठे पांगलेली, त्यात नाव लिहायची. चाळीस नंबरच्या घरातली माझी वर्गमैत्रीण आता कुठे असते? आमच्या वाडीत काम करणारे अमुक तमुक आहेत का? बाई वही काढायच्या, विचारपूस करायच्या, आणि दोन्हीकडची संमती असेल तर जोडून द्यायच्या. दोघं बोलू लागली की यांचं काम संपलं. नंतर त्यांना कुणी आभाराचं लिहायचं, बरेचदा नाही.

मोठ्या वादळात गावच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तेव्हा मी इथे नव्हते. पण ती हकिगत मला मासळीबाजारातल्या एका कोळणीने सांगितली. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद. बाईंची अर्धी कौलं उडालेली. पण साइट काही श्रीवर्धनात नव्हती. ती दूर कुठल्या तरी सर्व्हरवर खुशाल चालू होती. बाहेरगावची माणसं त्या एका पानावर येऊन आपापल्या माणसांची नावं टाकत राहिली. कुणी फॉर्ममधून, कुणी घाईत सुचेल त्या पत्त्यावर मेल करून. कितीतरी दिवसांनी एका टेकाडावर मोबाइलला जरा रेंज आली, तेव्हा बाईंना ते सगळं एकदम मिळालं. त्यांनी नावं वहीत उतरवून घेतली आणि घरोघर निघाल्या.

"माज्या दारात आली वही घेऊन," कोळीण सांगत होती. "मना म्हनते, मालाडवरना भाऊ विचारतो, बहीन जिती हाय का. म्या म्हटला, लिव बाय, हाय. छप्पर न्हाय, पन मी हाय."

असं सगळ्या गावाचं 'आहे' आणि 'नाही' बाईंनी लिहून पाठवलं. मी एकदा सहज विचारलं, तेव्हा तुमची चौकशी कुणी केली? बाई म्हणाल्या, "ऑपरेटरला कोण मागतं? ऑपरेटरकडे मागतात." त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही.

रोज सकाळी त्या आपल्या मोबाइलवरून घरातल्याच लँडलाइनवर फोन लावायच्या. दोनदा वाजू द्यायच्या आणि कट करायच्या. "लाइन चालू आहे," असं स्वतःशीच म्हणायच्या. मी माडीवरून ती घंटा ऐकायची. त्या फोनवर दिवसभरात दुसरी घंटा वाजलेली मला फारशी आठवत नाही. मीसुद्धा तेव्हा काही माणसांत नव्हते. दिवसाला साठ लोकांशी चॅट करायची आणि त्यातलं एकही माझं नसायचं. त्या घंटेने मला रडू यायचं, हे मी बाईंना कधी सांगितलं नाही.

आता त्या पेटीबद्दल सांगायला हवं.

मेलच्या व्यवस्थेत कॅच-ऑल नावाची एक सोय असते. समजा साइटवर फक्त 'चौकशी' नावाची पेटी आहे, आणि कुणी 'विचारणा' किंवा 'बाई' किंवा आणखी काही नाव टाकून मेल केला. एरवी तो मेल परत जातो: या नावाचं इथे कुणी नाही. कॅच-ऑल लावलं, की नाव चुकलेले सगळे मेल एका पेटीत जमा होतात. तोटा असा, की जगातला सगळा कचराही तिथेच येऊन पडतो. बाईंची पेटी महिन्यातून दोनदा तुडुंब भरायची, मग खरे निरोप अडकायचे, मग मी निस्तरायची. ते बंद करा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. आमची कंपनी सगळ्यांनाच तो सल्ला द्यायची.

"नको," बाई म्हणायच्या.

"अहो, सगळा कचरा असतो."

"असू दे. मी निवडते." आणि खरंच दुपारी तांदूळ निवडावेत तशा त्या चष्मा लावून एकेक मेल बघायच्या. "ज्याला माझं नावच माहीत नाही, त्याने काय करायचं गं?"

मी मनात म्हटलं, हट्टी म्हातारी.

मग आमच्या कंपनीने जुना सर्व्हर बंद करून सगळ्या साइट नव्यावर हलवायचं ठरवलं. मी बाईंना दिवस आणि वेळ सांगितली. त्यांचा चेहरा उतरला.

"सांगितल्या वेळेच्या आधी नाही ना करणार?"

"नाही हो. का?"

त्या दिवशी त्यांनी मला उरणची गोष्ट सांगितली. उरणला तेव्हा बंदराचं काम निघालं होतं आणि इकडची बरीच माणसं तिकडे कामाला गेली होती. रोज उरणचे कॉल असायचे. तिकडच्या एक्स्चेंजवर यांच्याच वयाची एक ऑपरेटर होती. माणसाला बोलावून आणेपर्यंत लाइन धरून बसावं लागे, आणि ती मिनिटं या दोघींची. आज काय केलं जेवायला, सासू काय म्हणाली, तुझ्याकडे पाऊस आहे का. ऑपरेटरने लाइनवर स्वतःचं नाव सांगायचं नाही, असा त्यांच्या साहेबांचा हुकूम होता. म्हणून ती यांना म्हणायची 'श्रीवर्धन' आणि या तिला 'उरण'. "पहिल्या वर्षी नियम म्हणून विचारलं नाही," बाई म्हणाल्या, "मग इतकं बोलून झाल्यावर नाव विचारायची लाज वाटायला लागली." सात वर्षं असं चाललं. बाईंचे वडील गेले तेव्हा या आठवड्याने कामावर आल्या, आणि उरण काही न बोलता नुसती लाइन धरून बसली होती. तेवढ्यावर त्या दिवशी आपण ड्यूटी पुरी केली, असं बाई म्हणाल्या.

मग आपोआप नंबर लागणारं एक्स्चेंज आलं. जुना बोर्ड दुपारी चारला बंद होणार होता. दोघींनी ठरवलं, पावणेचारला एकमेकींना नावं सांगायची. नियम गेला खड्ड्यात. इंजिनिअरला संध्याकाळची गाडी गाठायची होती, त्याने साडेतीनलाच बोर्ड बंद केला.

"मग?"

"मग काय. पत्र टाकलं, 'ऑपरेटर, उरण' म्हणून. उत्तर नाही. एकदा जाऊन आले. पाच-सहा बायका होत्या, कुठली हवी, म्हणाले. मी परत आले." बाईंनी कान चोळला. "माझ्याकडे सगळ्या श्रीवर्धनची नावं आहेत. ती एक सोडून."

मी त्यांना वचन दिलं, की त्यांची साइट मी स्वतः हलवीन, एक मिनिटही आधी नाही. आणि ते पाळलं. पान आलं, फॉर्म आला, फोटो आला. नव्या सर्व्हरवर कॅच-ऑलची टिक मात्र आपोआप आली नाही. ती हाताने करावी लागते. मी ती पाहिली. मुद्दाम सांगते, विसरले नाही, पाहिली. आणि म्हटलं, असू दे बंद, म्हातारीचे डोळे तरी वाचतील. परत जाणाऱ्या मेलची यादी दर आठवड्याला माझ्या मेलवर यावी, एवढी व्यवस्था केली आणि स्वतःवरच खूष झाले. ती यादी मी एकदाही उघडली नाही.

"हल्ली पेटी शांत आहे गं," बाई काही दिवसांनी म्हणाल्या.

"नवा सर्व्हर चांगला आहे," मी म्हटलं.

हे झालं फाल्गुनात. पुढे गणपतीच्या आधी एका दुपारी मी माझे न वाचलेले मेल साफ करायला बसले आणि पुसण्याआधी त्या याद्यांमधली एक उघडली. एप्रिलची होती. कचऱ्याच्या ढिगात पाठवणाऱ्याचा एकच पत्ता तीनदा आला होता, तीन वेगवेगळ्या दिवशी. आमच्याकडच्या ज्या नावाला तो मेल पाठवला होता ते नाव होतं 'श्रीवर्धन'. तिन्ही वेळा आमच्या सर्व्हरने उत्तर दिलं होतं, या नावाचं इथे कुणी नाही.

फॉर्ममध्ये नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि उरणला नाव माहीतच नव्हतं, मग ती कुठल्या नावाने लिहिणार? बाई इतकी वर्षं तो कचरा कशासाठी निवडत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

खाली बाई सुपारी सोलत बसल्या होत्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं, पाहिलं आणि तरी केलं नाही हेसुद्धा. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"कुठे असते ती टिक? दाखव."

मी लॅपटॉप खाली आणला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि स्वतः टिक केली.

"एवढंच?"

"एवढंच."

मी पाया पडायच्या बेतात होते. रागावल्या असत्या, खोली सोड म्हणाल्या असत्या, तर माझी सुटका झाली असती. त्यांनी फक्त तो पत्ता वहीत उतरवून घेतला आणि दोन ओळींचा मेल मला सांगून लिहून घेतला. श्रीवर्धन बोलतेय. उरण आहे का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उरणच्या सुनेने लिहिलं होतं. ती तिथल्याच एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला होती. मी ते बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. आई तुमची आठवण सारखी काढतात. एप्रिलमध्ये त्यांना फोन कानाला लावला की थोडं ऐकू यायचं, डॉक्टर म्हणाले होते फार दिवस राहणार नाही, म्हणून घाईने तुम्हाला तीनदा मेल केला. जूनमध्ये ताप आला, त्यात उरलेलं गेलं. आता अजिबात येत नाही.

"एप्रिलमध्ये येत होतं?" बाईंनी विचारलं.

"थोडं," मी म्हटलं.

त्या उठून मागच्या वाडीत गेल्या. मी स्वयंपाकघरात एकटी उभी होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. परत आल्या तेव्हा त्यांचा पदर ओला होता. "पनवेलची पहिली गाडी कितीला आहे, बघ," एवढंच त्या म्हणाल्या.

पनवेलहून उरणची गाडी घेतली. बाहेर ट्रेलरची रांग, मधूनच मिठागराचा पांढरा तुकडा. सून स्टॉपवर आली होती, ऑफिसच्या ओळखपत्रासकट.

"आईंना ऐकाला येत न्हाय बरं का," तिने वाटेतच सांगितलं. "वही ठेवलीय. लिवला का वाचतात. बोलतात मात्र भरपूर."

अंगणात पोचलो आणि आतून आवाज आला. कुणालातरी दटावणारा, जरा खरखरीत. चहात साखर कमी घाल म्हणून सांगितलं होतं ना, असं काहीतरी. बाई तिथेच थांबल्या. त्यांनी माझा दंड धरला, इतका घट्ट की बोटं रुतली.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच ती."

आत प्लास्टिकच्या खुर्चीत एक जाडसर म्हातारी बसली होती, नाकात मोठी नथनी, मांडीवर शाळेची वही. तिने बाईंकडे पाहिलं, अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी श्रीवर्धन." म्हातारीने प्रश्नार्थक मान हलवली. बाई पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. मग सुनेने वही पुढे केली आणि बाईंनी लिहिलं.

उरणने वाचलं. वाचून वर पाहिलं. मग बाईंचे दोन्ही हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि ती बोलायला लागली. नवऱ्याचं, बाळंतपणांचं, बदलीचं, त्या दिवशी साडेतीनपासून ती मेलेली लाइन कानाला लावून चारपर्यंत बसली होती, त्याचं. बाई ऐकत होत्या, डोळे मिटून, डाव्या कानाने. नावंही सांगून झाली. ती त्या दोघींची आहेत, मी लिहिणार नाही.

बऱ्याच वेळाने उरण बोलायची थांबली. बाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुजा आवाज अजून तसाच हाय का गो?"

बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. स्वतःचा आवाज तेव्हा कसा होता, त्यांना काय ठाऊक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर तो कालपरवापासूनच ऐकत होते.

"अगं तू सांग," उरण सुनेला म्हणाली. "तू ऐकतेस ना. कसा हाय?"

सुनेने वहीत लिहिलं, छान आहे.

"छान म्हंजे कसा?" उरणने विचारलं आणि वही माझ्यापुढे धरली. "तू लिव."

मी पेन घेतलं. बाई हलकेच म्हणाल्या, "लिही ना गं." रोज जिन्यातून हाक मारणारा तो आवाज माझ्या कानाशी होता, आणि त्याच्यासाठी मला एक शब्द सुचेना. उरण वाट बघत होती. मी कोऱ्या पानावर पेन टेकवून बसले होते, आणि एप्रिलमध्ये तिने तो स्वतः ऐकला असता.